वाचकांचे प्रश्न : जिवंत आमिषासाठी काढता-घालता येणारी टाकी

प्रश्न : माझ्याकडे सुमारे 5 मीटर लांबीची, मागे आउटबोर्ड इंजिन असलेली फायबरची उघडी होडी आहे. गळाच्या मासेमारीसाठी मी लहान मासे जिवंत आमिष म्हणून नेतो. परंतु बादलीत बॅटरीवरचा बुडबुड्यांचा पंप सोडूनही दुपार होईपर्यंत निम्मे मासे कुशीवर पडतात. हीच होडी घरच्या मंडळींना फिरवण्यासाठीही वापरली जाते, त्यामुळे कायमची टाकी बसवण्याची किंवा होडीच्या अंगाला भोक पाडण्याची माझी तयारी नाही. 80 लिटरची एक चौकोनी बर्फपेटी पडून आहे. तिची टाकी करता येईल का? पंप कोणता घ्यावा आणि पाणी खेळते कसे ठेवावे?

उत्तर : पेटीची टाकी करता येईल आणि होडीला एकही भोक न पाडता करता येईल. मात्र पंपाची निवड करण्याआधी आपण पाणी बाहेर कसे जाणार हे ठरवावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. अशा घरगुती टाक्या फसतात त्या बहुधा पंप कमी पडल्यामुळे नव्हे, तर आत येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला पुरेशी वाट न ठेवल्यामुळे.

प्रथम बादलीतले मासे का मरतात ते पाहू. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू मावतो. 30 अंशांवर हे प्रमाण साडेसातच्या आसपास येते, आणि पाणी समुद्राचे असेल तर सहाच्या थोडेच वर राहते. याच उष्णतेत माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते, म्हणजे सकाळी पुरणारे पाणी दुपारी दोन्ही बाजूंनी अपुरे पडते. त्यात मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर टाकत असतात. बुडबुड्यांनी प्राणवायूची थोडीफार भरपाई होते, पण अमोनिया जात नाही. तो घालवायचा तर पाणीच बदलावे लागते. म्हणून बादलीला आणखी एक बुडबुड्यांचा पंप जोडण्यात अर्थ नाही. आपल्याला हवी आहे ती बाहेरचे ताजे पाणी सतत आत घेणारी आणि तितकेच पाणी सतत बाहेर सोडणारी टाकी.

आता निकासाकडे वळू. पंप पाणी जोर लावून आत ढकलतो. बाहेर जाणारे पाणी मात्र केवळ स्वतःच्या वजनाने, उतारावर जाते. त्यामुळे आत येणारी नळी 19 मिलिमीटरची असेल तर बाहेर जाणारा पाइप निदान 38 मिलिमीटरचा असावा. व्यास दुप्पट झाला की तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते. हिशेब करून पाहिल्यास, भोकाच्या मध्यापासून 3 सेंटिमीटर उंचीचे पाणी साचलेले असताना 38 मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण 30 लिटर पाणी जाते, तर 19 मिलिमीटरच्या भोकातून जेमतेम 8 लिटर. लहान आकाराचे पंपसुद्धा झडप पूर्ण उघडी असली तर ताशी 1,900 लिटरपर्यंत, म्हणजे मिनिटाला 30 लिटरच्या वर पाणी फेकण्याच्या क्षमतेचे असतात. निकास अरुंद असेल तर उरलेले पाणी झाकणावरून होडीत येणार, हे उघड आहे.

आपल्या बर्फपेटीला तळाशी पाणी काढण्याचे बूच असेल, पण ते या कामाला लहान पडेल. ते तसेच बंद ठेवून दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करण्यासाठी वापरावे. निकासासाठी पेटीच्या एका आखूड भिंतीत, पाण्याची पातळी जिथे हवी तिथे, नवे भोक पाडावे. बर्फपेटीची भिंत दुहेरी असते आणि मध्ये फोम असतो; भोकाच्या कडेने पाणी त्या फोममध्ये शिरले की पेटी जड होते आणि उष्णता रोखण्याचा तिचा गुणही जातो. म्हणून दोन्ही भिंतींतून आरपार जाणारा, बाहेरून नटाने आवळता येणारा प्लॅस्टिकचा जोड घ्यावा आणि आतील व बाहेरील अशा दोन्ही बाजूंना सीलंट लावावे. सीलंट पूर्ण वाळल्यावर टाकी दोन-तीनदा धुऊन ते पाणी फेकून द्यावे, कारण ओल्या सीलंटमधून पाण्यात उतरणारी द्रव्ये माशांना अपायकारक ठरू शकतात. याच कारणासाठी टाकीच्या आत पितळी, तांब्याचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले जोड वापरू नयेत; तांबे आणि जस्त पाण्यात अल्प प्रमाणात उतरले तरी मासे दगावतात.

निकासाचे भोक वर असल्याने वरवरचे, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणीच बाहेर जात राहते आणि विष्ठा, सुटलेले खवले तळाशी साचतात. यावर एक जुनी, सोपी युक्ती आहे. भोकाच्या आतील तोंडाला कोपर जोडून तळाकडे जाणारा उभा पाइप लावावा आणि त्याचे खालचे तोंड तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवावे. पाण्याची पातळी भोकाच्या उंचीवरच ठरते, पण बाहेर जाणारे पाणी तळातून उचलले जाते आणि आपल्याबरोबर घाण घेऊन जाते. खालच्या तोंडाला जाळी लावावी आणि जाळीचे एकूण क्षेत्र पाइपाच्या तोंडाच्या कित्येक पट ठेवावे, म्हणजे एखादा मेलेला मासा तिथे चिकटला तरी वाट बंद होणार नाही. कोपराच्या वरच्या बाजूला बोटाच्या टोकाएवढे एक भोक ठेवावे, नाहीतर पाइप पूर्ण भरून वाहू लागला की सायफन तयार होऊन टाकी जाळीपर्यंत रिकामी होते. निकासाची बाहेरची नळी सरळ कठड्यावरून पाण्यात सोडावी आणि वाटेत ती कुठेही निकासाच्या भोकापेक्षा उंच जाणार नाही हे पाहावे. कठडा टाकीच्या निकासापेक्षा उंच असेल तर टाकी तेवढ्या उंचीच्या लाकडी चौकटीवर बसवावी लागते किंवा नळी मागील पाणनिकासाच्या भोकातून न्यावी लागते. होडीच्या तळात पाणी सोडून ते तळपंपाने बाहेर काढण्याचा मोह मात्र टाळावा. तो पंप ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी आपण स्वतःच्या हाताने होडी भरत असाल.

पंप होडीच्या मागील फळीला शिकंज्याने अडकवता येतो. पीव्हीसी पाइपाचा एक तुकडा उभा धरून त्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडणारा 12 व्होल्टचा पंप बसवावा, नळी त्या पाइपातून वर आणावी आणि सगळा सांगाडा दोन शिकंज्यांनी फळीला आवळावा. पंप पाण्याखाली वीत-दीड वीत राहिला पाहिजे, कारण या प्रकारचा पंप स्वतःहून पाणी वर ओढून घेत नाही. त्याचे पाते पाण्यातच असावे लागते. इंजिनाच्या ज्या बाजूने थंड करण्याचे पाणी आणि धूर बाहेर पडतो, तिच्या विरुद्ध बाजूला आणि पंख्यापासून शक्य तितका दूर तो लावावा. तेलाचा अंश असलेले पाणी माशांच्या कल्ल्यांना सहन होत नाही.

पंपाच्या वेष्टनावर लिहिलेली क्षमता ही पाणी अजिबात वर चढवायचे नसतानाची असते. मीटरभर उंची, नळीची लांबी आणि दोन-तीन वळणे यांत तिचा बराच भाग खर्च होतो. तरीही लहान पंप आपल्याला पुरेल. टाकीतले पाणी तासाला साधारण सहा वेळा बदलावे असे धरले, तर 60 लिटर पाण्यासाठी ताशी 360 लिटर, म्हणजे मिनिटाला 6 लिटर पुरतात. मोजण्यासाठी नळी 10 लिटरच्या बादलीत सोडून घड्याळ लावावे. बादली दीड मिनिटाच्या थोडे पुढेमागे भरली की प्रवाह योग्य आहे. तो जास्त असेल तर पंपाच्या पुढच्या, म्हणजे टाकीकडच्या बाजूला झडप बसवून कमी करावा. पंपाची पाणी ओढून घेणारी बाजू कधीही आवळू नये.

आत येणाऱ्या नळीचे तोंड भिंतीला घासून जाईल अशा तिरक्या दिशेने ठेवावे, म्हणजे टाकीभर संथ गोल प्रवाह तयार होतो आणि मासे त्याच्या विरुद्ध तोंड करून एका दिशेने पोहत राहतात. हे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे. ते पाण्यात बुडलेले राहिले तर पंप बंद होताच पाणी त्याच नळीतून, त्याच पंपातून उलटे बाहेर जाऊ लागते. तोंड पाण्याखालीच हवे असेल तर नळीला पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली 3 मिलिमीटरचे छिद्र पाडावे. पातळी किंचित खाली येताच त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो.

आपल्या पेटीचा खरा दोष तिचे चार कोपरे हा आहे. थव्याने राहणारे मासे, विशेषतः तारलीच्या कुळातले, कोपऱ्यात गेले की मागे वळत नाहीत. एकमेकांना रेटत तोंड घासत राहतात. पातळ, खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकचा पत्रा वाकवून प्रत्येक कोपऱ्यात बसवला की पेटीचा आतील आकार लंबगोल होतो. पत्र्याच्या कडा भिंतीला घट्ट भिडलेल्या असाव्यात आणि तो तळापासून पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत जावा, नाहीतर त्याच्या मागे मासे अडकतील. नवीनच टाकी घ्यायची असती तर आम्ही गोल पिंप सुचवले असते : 45 सेंटिमीटर व्यासाच्या पिंपात 38 सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरले की ते साधारण 60 लिटर होते, आणि पाच मीटरच्या होडीला तेवढे पुष्कळ आहे.

हा 60 लिटरचा आकडा आम्ही आपल्या 80 लिटरच्या पेटीलाही लागू करू इच्छितो, कारण एक लिटर समुद्राचे पाणी एक किलोहून किंचित जास्त भरते. पेटी काठोकाठ भरली तर पेटीचे, पंपाचे आणि बॅटरीचे वजन धरून शंभर किलोच्या आसपास भार होतो. होडीच्या क्षमतेच्या पाटीवर लिहिलेल्या भारातून तो वजा करावा. म्हणजे त्या दिवशी एक माणूस कमी न्यावा, हे सरळ गणित आहे. निकासाचे भोक 60 लिटरच्या पातळीला पाडले की पाणी त्यावर चढणारच नाही.

मात्र वर मोकळी जागा राहिली की पाणी हिंदकळते, आणि होडी एका बाजूला कलली की पाणीही त्याच बाजूला धावून तिला आणखी कलवते. या परिणामात टाकीच्या आडव्या रुंदीचा वाटा सर्वांत मोठा असतो. तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. समजा पेटी आतून 70 सेंटिमीटर लांब आणि 35 सेंटिमीटर रुंद आहे. तिची लांब बाजू होडीच्या लांबीच्या दिशेने ठेवली तर हा परिणाम जितका होईल, त्याच्या चौपट तो ती आडवी ठेवल्यावर होतो. म्हणून पेटी होडीच्या लांबीच्या दिशेनेच ठेवावी, मध्यरेषेवर आणि मध्यापासून थोडी मागे. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे ठेवल्यास लाटांचे आपटणे थेट माशांना बसते. अगदी मागे ठेवल्यास इंजिन, इंधनाची टाकी आणि हा भार मिळून होडीचा मागचा काठ पाण्याला टेकू लागतो. खाली रबरी चटई घालून पेटी दोन पट्ट्यांनी तळाच्या कड्यांना आवळावी. भरलेली पेटी आपल्या वजनाने जागेवर राहील या भरवशावर कोणी राहू नये. पेटी जागेवर बांधून मगच पाणी भरावे आणि उचलण्याआधी पूर्ण रिकामी करावी.

एक अडचण शिल्लक राहते. होडी वेगाने निघाली की मागे अडकवलेला पंप पाण्याबाहेर येतो किंवा फेसात सापडून हवा ओढू लागतो, म्हणून प्रवासात तो वर उचलून ठेवावा लागतो. तेवढ्या वेळापुरता आपला जुना बुडबुड्यांचा पंप टाकीत सोडावा. त्याच्याकडून अर्धा-पाऊण तास निभावून नेण्याचीच अपेक्षा ठेवली तर तो चांगले काम देतो. गढूळ किंवा तेलकट पाण्यातून जातानाही हीच व्यवस्था ठेवावी आणि स्वच्छ पाण्यात पोहोचल्यावर पंप सुरू करावा.

प्रश्न : माझ्या टाकीत पाणी भरपूर खेळते, तरी काही माशांच्या परांत आणि डोळ्यांभोवती बारीक बुडबुडे दिसतात आणि ते मासे लवकर मरतात. पाण्यात काही दोष असेल का?

उत्तर : दोष पाण्यात नसून बहुधा पंपाच्या मागच्या जोडात आहे. पाणी ओढून घेणाऱ्या बाजूच्या नळीत एखादा शिकंजा सैल असेल किंवा नळीला बारीक चीर असेल, तर तिथून पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्यामुळे हा दोष चटकन सापडतही नाही. पंपाचे पाते ती हवा दाबाखाली पाण्यात मिसळते आणि पाण्यात मावतो त्याहून जास्त वायू, मुख्यतः नायट्रोजन, विरघळतो. माशाच्या रक्तातून आणि ऊतींतून तो पुन्हा बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतो. नळीतून टाकीत पडणारे पाणी दुधाळ दिसत असेल तर शंका जवळजवळ पक्की समजावी. मागच्या बाजूचे सर्व शिकंजे आवळावेत, चिरलेली नळी बदलावी, आणि पाणी टाकीत थेट न सोडता भोके पाडलेल्या आडव्या पाइपातून वरून धारांनी पडू द्यावे, म्हणजे जास्तीचा वायू पडता पडताच निघून जातो.

प्रश्न : पंप दिवसभर चालवला तर बॅटरी पुरेल का? टायमर लावून थांबत थांबत चालवावा का?

उत्तर : पंपावर लिहिलेला विद्युत्प्रवाह तासांनी गुणावा. अडीच अँपिअर घेणारा पंप आठ तास चालला की 20 अँपिअर-तास खर्च होतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये हे धरले, तर 40 अँपिअर-तासांपेक्षा थोडी मोठी बॅटरी लागेल. ती इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीपासून वेगळी असावी. मासे वाचले आणि परतायला इंजिन सुरू झाले नाही, अशी वेळ येऊ नये. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका जवळ, वीतभर अंतराच्या आत बसवावा आणि त्याचा आकडा पंप बनवणाऱ्याने सांगितलेलाच ठेवावा. तारांचे जोड तळाच्या ओलीत न ठेवता वर घ्यावेत.

टायमरबाबत आमचे मत सावध आहे. थंड पाणी, मोजके आणि काटक मासे असतील तर तो चालतो. समुद्रातल्या थव्याच्या माशांना मात्र अखंड प्रवाह हवा. मासे नुकतेच टाकीत सोडले असतील तेव्हाचा पहिला तास तर पंप मुळीच थांबवू नये, कारण धावपळीने आणि भीतीने त्यांचा प्राणवायूचा वापर त्या वेळी सर्वाधिक असतो. वीज वाचवायची असेल तर मासे कमी घ्यावेत. बोटभर लांबीच्या एका माशामागे चार लिटर पाणी, ही सुरुवात सुरक्षित आहे.

प्रश्न : गोड्या पाण्याच्या मासेमारीसाठी घरून नळाचे पाणी भरून नेले तर चालेल का? आणि दुपारी पाणी तापू नये म्हणून त्यात बर्फ टाकावा का?

उत्तर : नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. साधा क्लोरीन पाणी उघडे ठेवून एक दिवस ढवळत राहिल्यास उडून जातो. काही ठिकाणी वापरतात तो क्लोरामाइन मात्र तसा जात नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेले मत्स्यालयाचे औषध लागते. बर्फ सुटा टाकू नये, कारण तोही बहुधा नळाच्याच पाण्याचा असतो. बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली टाकीत तरंगत ठेवावी. मासे ज्या पाण्यातून आले त्याच्यापेक्षा टाकी एकदम चार-पाच अंशांनी थंड करू नये. हा धक्का उष्णतेइतकाच घातक असतो. फिक्या रंगाची, झाकण असलेली टाकी सावलीत ठेवली तर पुष्कळदा बाटलीची गरजही पडत नाही.

मासे काढताना गाठी नसलेल्या जाळीची लहान हातजाळी वापरावी आणि हात ओला करूनच मासा धरावा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि खवले सुटतात. पाण्यावर न विरणारा फेस जमू लागला तर तो बहुधा याच थराचा असतो. तेव्हा प्रवाह वाढवावा.

प्रश्न : दिवसाच्या शेवटी उरलेले मासे दुसऱ्या तलावावर नेता येतील का?

उत्तर : नेऊ नयेत, आणि उरलेले मासे त्या नव्या पाण्यात सोडूही नयेत. टाकीतल्या पाण्याबरोबर परक्या जीवांची अंडी, पिल्ले आणि रोगजंतू प्रवास करतात. झेब्रा शिंपल्याच्या अळ्या तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. हा शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कास्पियन समुद्राच्या परिसरातला, तो 1988 मध्ये उत्तर अमेरिकेतील सेंट क्लेअर सरोवरात आढळला आणि पुढे तेथील अनेक जलाशयांत पसरला. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी जिवंत आमिष किंवा टाकीतले पाणी एका जलाशयातून दुसऱ्यात नेण्यास कायद्यानेच बंदी आहे. आपल्या जागेचा नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावा.

टाकी त्याच पाण्याच्या काठावर रिकामी करावी. काढता येणाऱ्या टाकीचा इथे मोठा फायदा असा की ती घरी नेऊन उलटी ठेवता येते. पण पंपाच्या पोटात आणि नळीच्या खोलगट वळणात पेलाभर पाणी उरतेच. म्हणून पंपाची जाळी उघडून तो पालथा करावा, नळ्या सोडवून उभ्या टांगाव्यात, आणि पाच दिवस सर्व सामान कडकडीत वाळू द्यावे. तेवढा अवधी नसेल तर सुमारे 60 अंश सेल्सिअसचे गरम पाणी टाकीतून, पंपातून आणि नळ्यांतून खेळवावे; मात्र पंपाला आणि नळ्यांना एवढी उष्णता चालते का, हे त्यांच्यासोबतच्या सूचनांत आधी वाचावे.